कामाकुरात मुक्काम कुठे करावा: स्टेशनजवळ, समुद्राकाठी की देवळांच्या बाजूला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: टोकियोच्या निशी-कासाईत राहणारं जोडपं, भारतातून येणारे सत्तरीचे आईवडील, चौघंही शाकाहारी. नोव्हेंबरच्या अखेरीस कामाकुराला दोन रात्री राहायचा विचार आहे. खोली स्टेशनजवळ घ्यावी की समुद्रासमोर? की टोकियोहून सकाळी जाऊन रात्री परत येणंच बरं?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. टोकियो स्टेशनहून योकोसुका लाइनची गाडी साधारण तासाभरात कामाकुराला पोचते, एका बाजूचं भाडं हजार येनच्या आसपास. एका दिवसात जाऊन येणं सहज जमतं, आणि जवळजवळ सगळे पर्यटक तेच करतात. म्हणूनच तिथे राहण्यात अर्थ आहे. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत गाव दिवसभरासाठी आलेल्यांनी भरलेलं असतं. कोमाची-दोरीच्या गल्लीत खांद्याला खांदा लागतो आणि महाबुद्धाच्या, म्हणजे उघड्यावरच्या भव्य बुद्धमूर्तीच्या, पटांगणात फोटोसाठी ताटकळावं लागतं. आठ-साडेआठला हेच गाव निवांत असतं, पाचनंतर पुन्हा शांत होतं. मुक्कामाचे पैसे आपण या दोन वेळांसाठी मोजतो. त्यामुळे खोली निवडताना ‘कुठलं देऊळ किती मिनिटांवर’ हे नंतर बघा. सकाळी आठ वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता तुम्हाला कुठे असायचं आहे, हे आधी ठरवा. त्यावरून भाग आपोआप ठरतो.

गावाची रचना डोक्यात असली की पुढचं सोपं जातं. तीन बाजूंनी टेकड्या, दक्षिणेला समुद्र. मिनामोतो नो योरितोमो या सरदाराने ११८० मध्ये इथे ठाण मांडलं ते याच नैसर्गिक तटबंदीमुळे, आणि १३३३ पर्यंत शोगुनची, म्हणजे लष्करी शासकांची, सत्ता इथूनच चालली. आत यायला टेकड्या कापून केलेल्या सात खिंडी होत्या. आजही गावात शिरणारे मोठे रस्ते मोजकेच आहेत, म्हणून शनिवार-रविवारी बस आणि टॅक्सी दोन्ही अडकतात. मधोमध वाकामिया-ओजी हा सरळ रस्ता त्सुरुगाओका हाचिमानगू देवस्थानापासून समुद्रापर्यंत जातो. स्टेशन या रस्त्याला लागूनच आहे: देवस्थान तिथून चालत दहा मिनिटं, युइगाहामाचा किनारा वीस मिनिटं, सगळं सपाट.

इथे खोल्या कमी का, तेही समजून घ्या. १९६४ च्या सुमारास हाचिमानगूच्या मागच्या टेकडीवर घरबांधणीची योजना आली. गावकऱ्यांनी ती अडवली आणि त्या चळवळीतून १९६६ चा प्राचीन राजधान्यांच्या जतनाचा कायदा उभा राहिला. टेकड्या वाचल्या, गावात उंच इमारती झाल्या नाहीत, आणि अर्थातच दोन-तीनशे खोल्यांची हॉटेलंही फारशी झाली नाहीत. शनिवारची रात्र, सुट्टीच्या आदली रात्र, जूनमधला हायड्रेंजिया फुलांचा हंगाम, नववर्ष: या दिवसांच्या खोल्या महिनोन् महिने आधी संपतात.

याच टंचाईमुळे बुकिंगच्या संकेतस्थळांवर एक घोळ हमखास होतो. नावात ‘कामाकुरा’ असलेली जागा प्रत्यक्षात भलतीकडेच निघते. त्यात खोटेपणा असतोच असं नाही, कारण टेकड्यांपलीकडच्या ओफुनाचा बराच भाग कागदोपत्री कामाकुरा शहरातच येतो. खात्रीचा उपाय म्हणजे पत्त्यातला पिनकोड बघणं. २४८ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे जुनं कामाकुरा आणि त्याचा समुद्रकिनारा. २४७ म्हणजे किता-कामाकुरा, ओफुना आणि लगतचा योकोहामाचा भाग. २५१ म्हणजे फुजिसावा, २४९ म्हणजे झुशी. त्यानंतर पेठेचं नाव बघा: कोमाची, ओनारिमाची आणि युकिनोशिता ही स्टेशन व देवस्थानाभोवती, युइगाहामा, हासे आणि साकानोशिता ही पश्चिमेला समुद्राकडे, झाइमोकुझा पूर्वेच्या किनाऱ्यावर, यामानोउची म्हणजे किता-कामाकुरा. मात्र २४८ असूनही शिचिरिगाहामा आणि कोशिगोए गावाच्या मध्यापासून बरीच लांब आहेत, एवढं ध्यानात असू द्या.

आता एकेक भाग.

स्टेशनच्या पूर्वेला कोमाची-दोरी आणि वाकामिया-ओजी, पश्चिमेला ओनारिमाची. पूर्वेला दुकानं आणि गर्दी जास्त. पश्चिमेला गावातल्या लोकांची रोजची वर्दळ, बेकऱ्या, लहान खाणावळी. एनोदेन या छोट्या रेल्वेचं स्टेशनही पश्चिमेलाच आहे. या भागात राहण्याचा खरा फायदा संध्याकाळी कळतो. कामाकुरातली पुष्कळ उपाहारगृहं दुपारच्या गिऱ्हाइकांवर चालतात आणि पाच-सहाला बंद होतात. रात्री उघडी असणारी बहुतेक स्टेशनभोवतीच सापडतात. सुपरमार्केट, औषधाचं दुकान, टॅक्सीचा थांबा, सगळं हाताशी. तोटा म्हणजे समुद्र दिसत नाही आणि खोल्या लहान असतात.

हासे आणि युइगाहामा हा बहुतेकांच्या मनातला कामाकुरा आहे. हासे स्टेशनपासून हासेदेरा पाच मिनिटांवर, कोतोकु-इनमधला महाबुद्ध सात-आठ मिनिटांवर, किनारा पाच मिनिटांवर. दोन्ही मंदिरं सकाळी आठला उघडतात आणि आठ ते नऊ या तासात तुम्हाला ती जशी दिसतील तशी दिवसात पुन्हा दिसत नाहीत. या पट्ट्यात जुनी रिओकानं (पारंपरिक जपानी निवासगृहं) आहेत, लहान हॉटेलं आणि होस्टेलंही आहेत. युइगाहामातलं काइहिनसो हे १९२४ मध्ये बांधलेल्या पाश्चात्त्य धाटणीच्या घरातलं रिओकान. ती इमारत सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदलेली आहे. इथे राहायचं तर रात्रीच्या जेवणासकट खोली घ्या, किंवा जेवायला स्टेशनकडे जायची तयारी ठेवा.

शिचिरिगाहामा आणि इनामुरागासाकी इथे लोक फुजीसाठी राहतात. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी एनोशिमा बेटाच्या मागे बर्फाच्छादित फुजी अगदी ठसठशीत दिसतो आणि सूर्यास्तही त्याच दिशेला होतो. उन्हाळ्यात हवा धुरकट असते, तेव्हा फुजीच्या आशेने जादा पैसे मोजू नका. ‘समुद्र दिसणारी खोली’ घेताना दोन गोष्टी विचारा. समुद्र आणि हॉटेल यांच्या मधून १३४ क्रमांकाचा महामार्ग जातो. खोली त्याच बाजूला असेल तर सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींचा आवाज रात्रीपर्यंत येतो, म्हणून काचा दुहेरी आहेत का ते विचारा. आणि नकाशावर दिशा तपासा: फुजी पश्चिमेला आहे, त्यामुळे समुद्राकडे तोंड असलेल्या प्रत्येक खिडकीतून तो दिसेलच असं नाही. या भागाची खरी अडचण मात्र एनोदेनवरचं अवलंबन ही आहे.

एनोदेनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मुक्कामाचं गणित तिच्यावरच बिघडतं. कामाकुरा ते फुजिसावा दहा किलोमीटर, पंधरा स्टेशनं, पूर्ण प्रवासाला ३५ मिनिटांच्या आसपास. कोकण रेल्वेसारखा एकेरी मार्ग, ठरावीक जागी समोरची गाडी येईपर्यंत थांबायचं. त्यामुळे गर्दी झाली म्हणून गाड्या वाढवता येत नाहीत. दर १४ मिनिटांनी एक, तीही जास्तीत जास्त चार डब्यांची. मे महिन्याच्या सुट्ट्यांत कामाकुरा स्टेशनबाहेर इतकी रांग लागते की स्थानिकांना ओळखपत्रावर आधी आत सोडायची सोय नगरपालिकेला करून बघावी लागली. सुट्टीच्या दिवशी दुपारी मोठी बॅग घेऊन यात चढायचा बेत आखू नका. आठवड्याच्या दिवसांत सकाळी आठच्या आसपास गाडी शाळकरी मुलांनी भरते, कारण या मार्गावर शाळा बऱ्याच आहेत. दुपारी कामाकुराकोकोमाए स्टेशनजवळच्या रेल्वे फाटकावर एका गाजलेल्या बास्केटबॉल मालिकेच्या चाहत्यांची गर्दी असते. तिथला रस्ता अरुंद आहे.

किता-कामाकुरा, म्हणजे यामानोउची, हा देवळांचा भाग. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच १२८२ साली स्थापन झालेलं एंगाकु-जी, पुढे पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर १२५३ चं केंचो-जी. राहण्याच्या जागा अगदी मोजक्या, बहुतेक जुन्या घरांत केलेल्या. सकाळ सुरेख असते, पण संध्याकाळी पाचनंतर अंधार आणि शुकशुकाट, जेवायला जवळजवळ काही नाही. टेकड्यांमधली घळ असल्याने जून ते सप्टेंबर दमटपणा आणि डासही आहेत. दोघंच असाल आणि झेन ध्यानासाठी चालला असाल तर उत्तम जागा. आईवडील बरोबर असताना माझं मत नको असंच आहे, कारण इथल्या जुन्या घरांत उंच पायऱ्या, जमिनीवरच्या गाद्या आणि खालच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह हे तिन्ही एकत्र येतात.

होकोकु-जीचं बांबूचं बन ज्या बाजूला आहे त्या जोम्यो-जी भागाचा थोडक्यात विचार. बसशिवाय पर्याय नाही आणि शनिवार-रविवारी दहा मिनिटांच्या प्रवासाला कितीही वेळ लागू शकतो. पाहायला जा, राहायला नको.

कामाकुरात खोली मिळाली नाही तर ओफुना आणि फुजिसावा. दोन्हीकडे बिझनेस हॉटेलं आहेत, दर कमी आणि रात्री जेवायची सोय भरपूर. कोणतं निवडायचं ते सकाळच्या बेतावर ठरवा. ओफुनाहून किता-कामाकुरा एकच स्टेशन आणि कामाकुरा दुसरं, जेआरने, म्हणजे योकोसुका लाइनच्याच गाडीने, सहा-सात मिनिटं. देवळं आधी बघायची तर ओफुना. फुजिसावा हे एनोदेनचं दुसरं टोक. गाडी तिथून सुटत असल्याने बसायला जागा मिळते आणि एनोशिमा, शिचिरिगाहामा करत कामाकुराकडे येता येतं. समुद्र आधी बघायचा तर फुजिसावा. ओफुनाहून एनोशिमाला जायला आणखी एक वाट आहे: उलटी लटकून धावणारी शोनान मोनोरेल, १४ मिनिटांत शोनान-एनोशिमा. एनोदेन तुंबलेली असते त्या दिवशी हीच कामाला येते.

समुद्राजवळ राहताना सुनामीचा विचार टाळू नका. १९२३ च्या कांतो भूकंपात युइगाहामा आणि झाइमोकुझाच्या किनाऱ्यावर लाट आली होती. महाबुद्धावरचं मंडप पंधराव्या शतकाच्या अखेरच्या सुनामीत वाहून गेलं असं परंपरेने सांगतात. मूर्ती तेव्हापासून उघड्यावर आहे. भूकंपाचं मूळ समुद्रतळावरच्या सागामीच्या खाचेत, म्हणजे किनाऱ्याजवळच, असलं तर लाट काही मिनिटांत पोचू शकते. यावरून समुद्राकाठी राहूच नये असं नाही. काँक्रीटची इमारत आणि तिसरा किंवा त्यावरचा मजला मागा. लाकडी बैठं घर अगदी किनाऱ्यालगत असेल तर म्हाताऱ्या माणसांसोबत मी ते घेणार नाही. पोचल्यावर पाच मिनिटं काढून विजेच्या खांबांवरच्या पाट्या बघा, त्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. जवळची सुनामी आसरा-इमारत कुठली ते स्वागतकक्षात विचारून घ्या. जोराचा किंवा लांबलेला हादरा बसला तर भोंग्याची वाट न बघता वर चढायचं.

तुमच्या चौघांसाठी माझं उत्तर: दोन्ही रात्री एकाच जागी, कामाकुरा स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आत, ओनारिमाची बाजूला किंवा वाकामिया-ओजीवर, लिफ्ट आणि पलंग असलेलं हॉटेल. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य साडेचारलाच मावळतो आणि मंदिरंही त्याच सुमारास बंद होतात. म्हणजे संध्याकाळ लांबलचक आणि गार. आईवडिलांना ती उबदार आणि जेवण मिळेल अशा ठिकाणी घालवता आली पाहिजे. एका सकाळी टॅक्सीने आठच्या ठोक्याला महाबुद्ध गाठा. चौघं एका टॅक्सीत मावता आणि शाळेच्या गर्दीतून सुटका होते. तिथलं पटांगण सपाट आहे, हासेदेराला मात्र पायऱ्या आहेत. दुसऱ्या सकाळी जेआरने तीन मिनिटांत किता-कामाकुरा. एंगाकु-जी साडेआठला उघडतं. प्रवेशद्वारापाशी दगडी पायऱ्या आहेत, तेव्हा वडिलांच्या गुडघ्यांकडे बघून ठरवा. पाने रंगण्याचा भर कामाकुरात उशिरा येतो, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. हासेदेरात त्या दिवसांत बहुतेक वर्षी संध्याकाळी रोषणाई असते. जाण्याआधी त्या वर्षीच्या तारखा बघा. शक्यतो मंगळवार-बुधवार किंवा बुधवार-गुरुवारच्या रात्री घ्या. २३ नोव्हेंबरची सुट्टी टाळा.

खोली घेताना काही बारकावे. जपानी हॉटेलांची पाश्चात्त्य खोली साधारणपणे दोघांची असते. चौघांसाठी दोन खोल्या, शेजारी किंवा समोरासमोर, असं लिहून मागा. तातामीच्या (चटयांच्या जमिनीच्या) खोलीत चौघं-पाचजण मावतात, पण गाद्या जमिनीवर असतात. रिओकानचा दर बहुधा माणशी असतो, खोलीचा नाही. संकेतस्थळावर माणसांचा आकडा दोनवर ठेवून दर बघितला तर पुढे धक्का बसतो. ‘स्नानगृह सामाईक’ लिहिलं असेल तर ते सगळ्यांचं मिळून, स्त्री-पुरुष वेगळं, आणि कपड्यांशिवाय असतं. आईवडिलांना ते जमेल का हे आधीच विचारा. काही ठिकाणी तासाभरासाठी ते खासगी मिळतं. कामाकुरा हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव नाही, त्यामुळे ‘ओनसेन’ या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका. इनामुरागासाकीला एक आहे, चहाच्या रंगाच्या पाण्याचं, तिथे दिवसा जाऊन येता येतं. घरगुती भाड्याच्या जागा वर्षाला १८० दिवसच चालवता येतात, हा २०१८ पासूनचा कायदा. जाहिरातीत परवाना किंवा नोंदणी क्रमांक दिसला नाही तर सोडून द्या. जपानात घर नसलेल्या परदेशी पाहुण्यांचा पासपोर्ट मागतात, म्हणून आईवडिलांचे पासपोर्ट सोबत घ्या.

शाकाहाराचं नीट लिहून कळवा. ‘व्हेजिटेरियन’ एवढ्यावर भागत नाही. मांस वगळतात पण सूप, भाज्या आणि सॉसमध्ये कात्सुओ माशाचा दाशी, म्हणजे स्वयंपाकात वापरायचा अर्क, राहतोच. बुकिंग करतानाच, नंतर नव्हे, हा मजकूर पाठवा: निकु (मांस), साकाना (मासे), कात्सुओ-दाशी नुकी (वगळून), कोम्बु-दाशी (समुद्री शेवाळाचा) चालेल, अंडं आणि दूध चालतं की नाही तेही स्पष्ट. लहान रिओकान नाही म्हणालं तर आग्रह धरू नका, जेवण-नाश्त्याशिवाय फक्त खोली घ्या. गावाचं वैशिष्ट्य म्हणजे शिरासु, म्हणजे अगदी बारीक मासे; ते भातावर, पावावर, पिझ्झावर, कुठेही भुरभुरलेले असतात. केंचिन-जिरू हे भाज्यांचं सूप केंचो-जीतून आलं असं मानतात आणि मुळात ते शाकाहारी आहे, पण उपाहारगृहात दाशी माशाचा आहे का ते विचारूनच मागवा. नाश्त्यासाठी स्टेशनजवळच्या बेकऱ्या आणि खोलीत गरम पाण्याची किटली हा खात्रीचा पर्याय. किनाऱ्यावर उघड्यावर खाऊ नका: घारी मागून झडप घालून हातातलं उचलतात, नखं लागतात.

सामान. निशी-कासाईहून तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून जमिनीखालूनच टोकियो स्टेशन. योकोसुका लाइनचे फलाट मारुनोउची बाजूला खोल जमिनीत आहेत, लिफ्ट शोधायला दहा मिनिटं जादा धरा. झुशी किंवा कुरिहामाची गाडी घ्या. काही गाड्या ओफुनालाच संपतात. चौथा आणि पाचवा डबा ग्रीन कार, जादा पैसे देऊन आईवडिलांना निवांत बसता येतं. दोन रात्रींना पाठीवरच्या पिशव्या पुरेशा आहेत. मोठी बॅग असेलच तर ताक्क्यूबिनने (सामान घरपोच नेणाऱ्या कुरिअरने) आदल्या दिवशी हॉटेलच्या पत्त्यावर पाठवा; स्टेशनवरचे मोठे लॉकर सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतात. खोलीचा ताबा बहुधा दुपारी तीनला मिळतो, पण सामान त्याआधी ठेवून घेतात.

लहान जागांचा स्वागतकक्ष रात्री आठ-नऊला बंद होतो, काही ठिकाणी दाराचा सांकेतिक क्रमांक आदल्या दिवशी ईमेलने येतो. तो ईमेल जाहिरातींच्या कप्प्यात तर गेला नाही ना, ते टोकियोतून निघण्याआधी बघा. जेवणासकट रिओकान घेतलं असेल तर पोचण्याची वेळ पाळा. जेवण सहा-साडेसहाला मांडलेलं असतं आणि न कळवता उशीर झाला तर ते पुन्हा गरम करून मिळत नाही, पैसेही परत येत नाहीत. रद्द करण्याचे नियम हॉटेलागणिक वेगळे, पण लहान रिओकानांत काही दिवस आधीपासूनच पैशांत कपात सुरू होते आणि त्याच दिवशी रद्द केल्यास पूर्ण रक्कम जाते. आईवडिलांच्या व्हिसाची तारीख पक्की होईपर्यंत विनाशुल्क रद्द होणारी खोलीच धरून ठेवा, थोडी महाग पडली तरी.